एकशे पस्तीस ग्रॅम

“बाई, माझं पुन्हा चुकलंच,” चष्मेवाली मुलगी रडवेली होऊन म्हणाली. साखळ्यांना खुर्च्या टांगलेल्या गोल पाळण्यातून ती तिसऱ्यांदा उतरली होती. हातात ताणकाटा, त्याला टांगलेलं शंभर ग्रॅमचं वजन. “पाळणा फिरला की काटा एकशे पस्तीस दाखवतो. गणिताने एकशे पंधरा यायला हवं.”

मुलींची सहल घेऊन मनोरंजन पार्कात आलेल्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी वही पाहिली. “फेऱ्या किती धरल्यास?”

“मिनिटाला दहा. पाळण्याच्या पॅनेलवर तसंच येतं ना.”

शेजारी ग्रीसचा डबा घेऊन बसलेल्या मिस्त्रींचा हात थांबला. चार महिन्यांपूर्वी नवी मोटर बसली, तेव्हापासून ते सांगत होते, पाळणा जोरात पळतोय, खुर्च्या फार बाहेर फेकल्या जातात. मॅनेजरसाहेब हसण्यावारी न्यायचे. “पॅनेल खोटं आणि तुमचे डोळे तेवढे खरे?” पुढे पुढे मिस्त्रींनाही वाटू लागलं, वय झालं, भास होत असतील. ते गप्प झाले. पण पोरं पाळण्यात बसली की खाली उतरेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

“बाई,” ते चाचरत म्हणाले, “पोरीचं नसेल चुकलं. पॅनेलचंच चुकलं असेल.”

बाई हसल्या नाहीत. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी मुलीला दिलं. “दहा फेऱ्या मोज. काका, रिकामाच फिरवा.”

मिनिटभर लागायला हवं होतं. पन्नास सेकंदांतच दहा झाल्या. मुलीने तिथेच मातीत बसून नवं गणित मांडलं आणि ती ओरडलीच, “बाई, एकशे पस्तीस!”

मॅनेजरसाहेब आले. त्यांनी स्वतः दोनदा मोजलं आणि निमूटपणे पाळण्याच्या फाटकाला कुलूप घातलं. “तुमचं तेव्हाच ऐकायला हवं होतं, मिस्त्री,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“माझं कसलं? या पोरीचे उपकार, साहेब. मला वाटलं होतं, माझंच डोकं फिरलं.” एवढं बोलून मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिले. डोळे पुसायला ते फडकं फार तेलकट होतं.

वेग वाढला की साखळी बाहेर का झुकते, हे बाई मुलींना कट्ट्यावर बसवून समजावू लागल्या. मिस्त्री मागच्या टोकाला जाऊन टेकले. एकतीस वर्षं पाळणे फिरवले होते; शाळा मात्र चौथीतच सुटली होती. बराच वेळ ते कान देऊन ऐकत राहिले.

मग त्यांनी काळाकुट्ट हात हळूच वर केला.

“बाई, एक विचारू?”