कटकट नावाचं फोल्डर

चौक गावचा सहदेव ठेकेदार तसा हुशार. कुठल्या बंगल्याच्या पोटातून कुठला पाईप गेलाय, ते झोपेत विचारा. पण कॉम्प्युटरसमोर बसवला की गड्याला दरदरून घाम. म्हणून त्याच्या बायकोने, वनिताने, मोबाइलमधले साइटचे फोटो आणि नकाशे उपसून गाव, मालक, वर्ष अशी सुबक फोल्डरं लावून दिली.

आणि झाली की पंचाईत! साइटवर मालकाला नावाने कोण ओळखतं? गड्यांनी सगळ्यांचं नामकरण आधीच केलेलं. कुत्रेवाले, झोपाळेवाले, लोणचंवाली आजी. वनिता माहेरी गेली तशी सहदेवने एका दुपारी साऱ्या फोल्डरांचं नव्याने बारसं उरकलं. तिने आल्यावर कपाळाला हात लावला. सापडतंय ना, मग झालं, असं म्हणून हा मिशीवर ताव देत चहा मागून मोकळा.

परवा पोशीरहून ललिताबाईंचा फोन आला. ठाण्याच्या निवृत्त मास्तरीणबाई, आता पोशीरला त्याने बांधलेल्या घरात राहतात. पडवीत बेसिन बसवायचं होतं, तर फरशीखालचा पाईप नेमका कुठून गेलाय त्याचा फोटो हवा. नाहीतर अख्खी फरशी उखडावी लागणार. शिवाय वरचा मजला चढवायचा होता आणि तो सहदेवला द्यायचा की दुसऱ्याला, हे अजून ठरायचं होतं. पावसाळ्यानंतर सहदेवच्या हातात धड काम नव्हतं. हा मजला त्याला हवाच होता.

पठ्ठ्याने चुटकीसरशी फोल्डर काढलं आणि सगळ्या फोटोंची लिंक धाडून दिली. मग वनिताला बोलावून ऐटीत दाखवलं. तिने वाचलं आणि मटकन खाली बसली. लिंकच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'कटकट, पोशीर'.

"अवो, हे तुमी बाईंना धाडलं?"

सहदेवच्या पायाखालची वाळू सरकली. बाईंनी बांधकामात दर विटेला मोजायचा टेप लावला होता, म्हणून ते नाव. आता गेला मजला. बाईंचं उत्तर आलं ते एवढंच, की समक्ष या. स्कूटरवर पोशीर गाठेपर्यंत त्याने माफीची चार वाक्यं पाठ केली, आणि फाटकाशी चारही विसरला.

बाई पडवीतच बसल्या होत्या. फोटोवरून पाईप सापडला होता, फरशी शाबूत होती. त्यांनी चष्मा सावरला आणि त्याला म्हणाल्या, आता इथूनच मला फोन लावा. त्याने भीतभीत लावला. टेबलावरचा मोबाइल वाजला, तो त्यांनी त्याच्यापुढे सरकवला. पडद्यावर नाव होतं, 'उद्या सहदेव'.

सहदेव कानापर्यंत लाल झाला. जोत्यापासून रंगापर्यंत दर कामाला त्याने 'उद्या' सांगितलं होतं, ते बाईंनी असं जपून ठेवलेलं.

"बाई, मी फोल्डरचं नाव बदलतो."

"बदलू नका. परत सापडायचं नाही तुम्हाला. मजला तुमचाच. सुरू कधी करता?"

"उद्या," असं तोंडाशी आलं आणि त्याने जीभ चावली. मग स्कूटरच्या डिकीतून टेप काढला, एक टोक बाईंच्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो तरातरा जिना चढू लागला.