हलायचं की नाही

केमोनं ताईंचे केस, भुवया आणि जिभेची चव नेली होती. आता तिनं गाठही नेली का, एवढाच प्रश्न उरला होता. गाठ पुरेशी आक्रसली असेल तर सर्जन तेवढीच जागा काढणार होते, नाहीतर अख्खा स्तन. निकाल एमआरआयवर होता.

"अंगावर धातूचं काही?" टेक्निशियननं विचारलं. विमान चालवणाऱ्याच्या थाटात बोलायचा तो.

"काही नाही. भुवयासुद्धा घरी ठेवून आलेय."

टेक्निशियन हसला नाही. त्यानं "भुवया: काढल्या" असं लिहून घेतलं असतं तरी ताईंना नवल वाटलं नसतं.

मशीनमध्ये पालथं झोपायचं. पलंगाला दोन भोकं, त्यांतून जे लोंबायचं ते लोंबू द्यायचं. सुताराचं आणि मालिशवाल्याचं भांडण चालू असताना हा पलंग बनला असावा, असं ताईंना वाटलं. हाताला सुई, कानांवर हेडफोन, आणि आजूबाजूला कुणीतरी पत्रे ठोकत होतं. तेही तालात नाही.

मधेच कानात आवाज आला. "आता शिरेतून औषध सोडतोय. हलायचं..." आणि खट्.

वाक्य संपण्याआधीच बटणावरचा अंगठा उचलायची त्याला सवय होती. आणि आपल्या भाषेत सगळ्यात महत्त्वाचा शब्द नेमका शेवटी येतो. तो शब्द टेक्निशियनच्याच खोलीत राहिला.

ताईंनी विचार केला, बरोबरच आहे. खोकल्याच्या बाटलीवरसुद्धा लिहिलेलं असतं, वापरण्यापूर्वी हलवा. त्यांनी इमानेइतबारे खांदे हलवले, कंबर हलवली, पायाची बोटंही सोडली नाहीत.

ताई बाहेर आल्या, तिथे धाकटी बहीण बसली होती. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "गाठ दिसत नाही."

"ताई, गेली!" बहिणीनं मिठीच मारली.

"तसं नाही हो. फोटो हललेत. गाठ दिसत नाही, कारण काहीच दिसत नाही."

"म्हणजे आहे?"

"तेही सांगता येत नाही."

"मग सांगता काय येतं?" ताईंनी विचारलं.

"परत यावं लागेल. गाठ उजळून दाखवणारं ते शिरेतलं औषध आज पुन्हा देता येणार नाही."

ताई तडक टेक्निशियनकडे गेल्या. "तुम्हीच म्हणालात ना हलायचं?"

"मी म्हणालो, हलायचं नाही!"

"'नाही' कुठे म्हणालात?"

"नाही म्हणालो!"

"तेच सांगतेय मी. नाही म्हणालात!"

"अहो, 'नाही' म्हणालो!"

"आता कबूलच करतोय की," बहीण म्हणाली.

घरी यजमानांनी विचारलं, "काय, आहे का गेली?"

"मला कशाला विचारता? मी नुसती मालकीण."

ऑपरेशनची तारीख पुढे गेली. चौकशीच्या प्रत्येक फोनला ताईंनी तेच उत्तर दिलं, आणि प्रत्येकानं "चांगलं होईल" म्हणून फोन ठेवला. जणू त्यांना आतलं काहीतरी कळलं होतं.

दुसऱ्या खेपेला ताईंनी टेक्निशियनला आधीच बजावलं. "'नाही' पहिल्यांदा म्हणायचं, उरलेलं मग." त्यानंही मान खाली घालून "नाही हलायचं" म्हटलं, कवितेची ओळ म्हणावी तसं.

डॉक्टरीणबाईंनी दोन फोटो शेजारी-शेजारी लावले. केमोच्या आधीच्यात लिंबाएवढी पांढरी गाठ, आताच्यात तिळाएवढा ठिपका.

"हा गाठीचा उरलेला भाग असेल, किंवा केमोनंतरचा नुसता व्रण. काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळणार नाही."

"म्हणजे एवढं मशीन, एवढी ठोकाठोक, आणि शेवटी कापूनच बघायचं?"

"हो. पण सर्जनशी बोलले मी. थोडंच कापायचं."

"थोडंच?"

"तेवढीच जागा. बाकी सगळं तुमचं तुमच्याकडे."

बहीण रडायला लागली. ताई नुसत्याच खुर्चीत बसल्या, कपाळाला आठ्या घालून.

"ताई, अगं, खूश तरी हो!"

"होईन गं. आधी राग आटपू दे, रांगेत तो पुढे आहे."