लाल शिडाच्या डब्यातली सीडी

काकूंची जीभ धारेची आणि नजर त्याहून धारेची, हे त्या गल्लीत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायचं. दुकान म्हणाल तर जिन्याखालचं. दोन माणसं आत असली की तिसऱ्याने उंबऱ्यावरच विचार करावा, एवढं. पण तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर कॉम्प्युटरच्या जुन्या खेळांचे डबे दाटीवाटीने उभे. काकांनी हयातभर हे खेळ भाड्याने दिले, आणि काकूंनी हयातभर ते पुसले.

शाळेचं आणि काकूंचं कधी फार जमलं नव्हतं. डब्यांवरची इंग्रजी अक्षरं त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. पण त्यांना नावाची गरजच नव्हती. हा जळक्या दाढीचा तलवारवाला, ही दोन बुरुजांची, हे लाल शिडाचं जहाज. गिऱ्हाइकाने लांबलचक नाव घेतलं की काकू म्हणत, "नाव नको, चित्र सांग. नावं ठेवायला मी आहे."

परत आलेला प्रत्येक डबा उघडायचा, सीडी बल्बासमोर धरायची, मऊ फडक्याने मधून बाहेर पुसायची आणि मगच फळीवर ठेवायची, हा त्यांचा नेम. गोल गोल पुसणाऱ्या माणसाला त्या अडाणी समजत, मग तो कितीही शिकलेला असो. गोल पुसलं की ओरखडा लांबत जातो आणि खेळ मरतो.

काका गेल्या वर्षी गेले. छातीचं दुखणं होतं. जायच्या आधी, धाप लागत असतानाही, त्यांनी काकूंकडून एक गोष्ट वदवून घेतली होती. "एक जरी गिऱ्हाईक येत असलं ना, तरी शटर वर राहू दे. आणि यायचं थांबलं की मग हट्ट करू नकोस. लेकीकडे जा."

लेक फोनवर तेच टुमणं लावायची. "आई, कोण येतं गं आता तिथे? आजकाल कुणी सीडी घालतं का कॉम्प्युटरमध्ये?"

"येतात," काकू म्हणायच्या. "तुझ्यासारखी सगळीच आपलं जुनं टाकून जात नाहीत."

खोटं नव्हतंच ते. एके काळी रांग लागायची. रांग सरली, पण तिघं उरली होती, आणि दर रविवारी सकाळी ती हटकून यायची. तिघंही कॉलेजात असल्यापासूनची. आता केस पिकले होते. एक दाताचा डॉक्टर, त्याला सगळे दाढ म्हणत. एक शहरबसचा ड्रायव्हर, पोट स्टिअरिंगला टेकेल असा. आणि एक शाळेत गणित शिकवणारी बाई, हिशेबी आणि कमी बोलणारी. एकेक डबा न्यायचा, पुढच्या रविवारी आणून द्यायचा, दोन शिव्या खायच्या आणि हसत जायचं. काकांच्या पद्धतीप्रमाणे काकू डबा उघडून सीडी दाखवायला गेल्या की तिघंही म्हणत, "राहू द्या काकू, तुमच्यावर विश्वास आहे." काकूंना ते ऐकायला गोड वाटायचं. त्या तिघांवर त्यांचं शटर उभं होतं. मनातल्या मनात त्या रोज काकांना सांगत, बघा, येतायत अजून.

त्या रविवारी दाढने लाल शिडाच्या जहाजाचा डबा परत आणला.

"कशी चालली?"

"झकास, काकू! तीच लाटांची गंमत. शेवटच्या बेटापर्यंत गेलो."

"तोंडं उघडून बसलेली पेशंट सोडून बेटं फिरत बस. ठेव तिथे."

तो गेल्यावर काकूंनी फडकं घेतलं, डबा उघडला आणि हात जागच्या जागी थांबला. आत जहाजाची सीडी नव्हतीच. एक कोरी पांढरी सीडी होती, तिच्यावर हॉस्पिटलचा शिक्का आणि खाली काकांचं नाव. ते नाव तेवढं काकूंना कुठल्याही अक्षरात वाचता यायचं.

ही सीडी त्या कितीतरी महिने शोधत होत्या. काकांच्या छातीचा स्कॅन. हॉस्पिटलातून आल्यावर बाकीचे कागद लेकीने आवरले, पण ही सीडी काकूंनी तिच्या हाती लागू दिली नव्हती. उघडी राहिली तर ओरखडा पडेल म्हणून, सीडी पुसायला काढलेला जो रिकामा डबा पुढ्यात होता त्यात सरकवली, आणि त्या दिवसांच्या धांदलीत कुठल्या डब्यात ते साफ विसरल्या. सापडली, तर आनंद व्हायला हवा होता. पण काकू स्टुलावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. कारण दाढने हा डबा उघडला असता तर त्याला बेट दिसलं नसतं. काकांच्या बरगड्या दिसल्या असत्या.

मग तो कुठल्या बेटावर जाऊन आला?

एखाद्याने हे सोडून दिलं असतं. काकूंनी आयुष्यात काही सोडलं नव्हतं. थोड्या वेळाने ड्रायव्हर आला, तेव्हा त्यांनी दोन बुरुजांच्या डब्यातली सीडी आधीच काढून ठेवली होती. रिकामा डबा त्याच्या हातात दिला. त्याने तो काखेत मारला, "काकू, आज चेहरा का उतरलाय?" म्हणून विचारलं, "तुझं थोबाड बघून," असं उत्तर घेतलं आणि खूश होऊन गेला.

तो आठवडा काकूंना सरता सरेना. मनाला समजावून पाहिलं. डबा उघडला की कळेलच त्याला, धावत येईल, म्हणेल काकू, डोळे गेले का तुमचे? सोमवारी वाट पाहिली, मंगळवारी पाहिली. गल्लीतून बस गेली की मान वर व्हायची. चुकल्याबद्दल कुणी आपल्याला बोल लावावा, अशी वाट काकूंनी जन्मात पाहिली नव्हती.

रविवारी तिघं एकदमच आली.

"घ्या काकू," ड्रायव्हरने डबा ठेवला. "एक नंबर."

"अडकली नाही ना कुठे?"

"जरा मधे अडखळली. मग मी तुमच्यासारखी पुसली, मधून बाहेर. धावायला लागली!"

काकूंनी डबा उघडला आणि त्याच्या नाकासमोर उलटा धरला. काहीच पडलं नाही.

"धावली म्हणतोस? तुझी बसपण अशीच धावते का रे, चाकांशिवाय?"

दाढ फळीकडे बघायला लागला, जणू आजच पाहतोय.

"आणि तू, बेटवाल्या. माझ्या नवऱ्याच्या फुप्फुसात जहाज घालून आलास तू." काकूंनी पांढरी सीडी गल्ल्यावर ठेवली. दाढने शिक्का वाचला, मग खालचं नाव.

"सांगा आता," काकू म्हणाल्या. "कधीपासून फसवताय मला?"

दोघे पुरुष एकमेकांच्या आड लपायला बघत होते. शेवटी बाई बोलली. "काकू, आमच्या कुणाच्या कॉम्प्युटरला आता सीडीची खाचच नाही. नवी मशीनं तशी येतच नाहीत."

"मग खेळता कशावर?"

"एक दुकान आहे. इंटरनेटवर. फक्त जुने खेळ विकतं. पैसे भरले की खेळ थेट मशीनमध्ये उतरतो."

"आणि हे कुणी शोधून काढलं? तू? का या दाढने?"

बाईने मान खाली घातली. "काकांनी."



"दात भरायला माझ्याकडे आले होते," दाढ सांगू लागला. "माझं नवं मशीन बघितलं, चारी बाजूंनी फिरवलं आणि म्हणाले, अरे, याला तोंडच नाही, हे खातं काय? मग स्वतःच लाल शिडाच्या खेळाचं नाव टाकलं, बाहेरून खाच जोडून तो चालवता येतो का बघायला. तर ते दुकानच समोर आलं. सगळे डबे ओळीने. आम्हाला वाटलं, चोरीचा माल असणार, नाहीतर पैसे तरी बुडणार. काका म्हणाले, एक घेऊन तर बघू. घेतला. काकू, आठवतं, तो खेळ सुरुवातीला पुस्तिकेतला शब्द विचारायचा? पुस्तिका हरवलेली पोरं शब्द विचारायला काकांकडे पळत यायची? तर याने काही विचारलंच नाही. सरळ समुद्र उघडला. काकांनी या दोघांना तिथूनच फोन केले. ड्यूटीवरून याने धाव घेतली. आम्ही चौघं शाळकरी पोरांसारखे ओरडलो. बाहेर पेशंटला वाटलं, आत कुणाचा तरी दात उपटतायत. सगळ्यात जास्त काका ओरडले."

"स्वतःचं दुकान बुडताना बघून ओरडला," काकू म्हणाल्या. "पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर नाचला."

पण आवाजात धार नव्हती. त्यांना तो दिवस आठवला होता. काका घरी आले ते सुजलेल्या गालाने, आणि रात्री जेवणापर्यंत उगाच एका बाजूने हसत होते. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, भूल उतरली नाही अजून. काकूंनी वर सुनावलं होतं, तुमची भूल कधी उतरलीय? एवढा आनंद त्या माणसाने गालात दाबून ठेवला होता, आणि त्यांनी तो दात समजून सोडून दिला होता.

"मला का नाही सांगितलं?"

"दवाखान्याचा जिना उतरताना म्हणाले," बाई चाचरत बोलली, "की ती माझ्यावाचून राहील एकवेळ. पण कुणाला दोन शब्द सुनावल्यावाचून राहायची नाही. रविवारी येत जा. काही झालं तरी येत जा."

"म्हणजे तो माझ्याकडून वचन घेत होता, की गिऱ्हाईक असेतो शटर पाडू नकोस. आणि तुम्हाला सांगून ठेवलं होतं, की गिऱ्हाईक व्हा."

काकूंनी रिकामा डबा फळीवर आपटला.

"मला भीक घातलीत."

"नाही हो काकू—"

"गप्प. दाखव ते दुकान."

बाईने फोन पुढे धरला. काकूंनी चष्मा चढवला. खरंच ओळीने सगळे होते. जळकी दाढी, दोन बुरूज, लाल शीड. रंग कसे कोवळे, नुसते आजच छापल्यासारखे. एकाही डब्याचा कोपरा मोडलेला नाही, एकावरही ओरखडा नाही. काकू बोटाने एकेक ओळ सरकवत शेवटपर्यंत गेल्या. आपल्या फळीवरचं एक तरी त्यांच्याकडे नसेल, एवढीच आशा होती. सगळं होतं. आपल्याकडे कधी नव्हते तेही होते.

"पुसावं लागत नाही यांना?"

"नाही काकू."

फोन परत करून त्यांनी पांढरी सीडी उचलली. "आणि ही? ही मिळते का त्या दुकानात?"

दाढने मान हलवली.

"मग ही लाव." मागच्या कोपऱ्यात काकांचं जुनं मशीन होतं, कापड पांघरलेलं. त्याला तोंड होतं. "दाढा बघून पोट भरतोस ना? मग छाती बघायला काय लाजतोस?"

मशीन बराच वेळ घरघरलं आणि मग पडद्यावर काळ्यावर पांढरं काहीतरी उमटलं. दाढने बारीक आवाजात सांगितलं, या बरगड्या, हा कणा, हे काळं म्हणजे हवा.

"चेहरा दिसतो का?"

"नाही काकू. गळ्यापासून खालीच."

त्याने माऊसचं चाक फिरवलं तसं चित्र खाली सरकत गेलं. बरगड्या उघडल्या, काळं मोठं झालं. उलटं फिरवलं तर परत आवळलं. पुढे, मागे. काकू पडद्याकडे बघत होत्या. माणूस श्वास घेताना दिसतं, तसंच दिसत होतं ते. हॉस्पिटलात शेवटी शेवटी घ्यायचे तसा जोर लावून नाही. सावकाश, झोपेतला.

"थांबू नकोस," काकू म्हणाल्या.

दाढ चाक फिरवत राहिला. ड्रायव्हरने तोंड भिंतीकडे केलं. बाईने काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच काकूंनी तो झटकला नाही.

मग त्यांनी स्वतःच हात पुढे करून सीडी बाहेर काढली. बल्बासमोर धरली. मधून बाहेर, मधून बाहेर, पुसली. लाल शिडाच्या डब्यात ठेवून डबा पिशवीत टाकला.

"चला, बाहेर व्हा सगळे."

"काकू, आम्ही येत राहू ना," ड्रायव्हर म्हणाला. "खरंच. नुसतं बसायला."

"नुसतं बसायला दुकान लागत नाही. माझ्या लेकीच्या घरी खुर्च्या आहेत."

शटर जड होतं. काका असेपर्यंत ते काकूंनी कधी ओढलं नव्हतं आणि काका गेल्यापासून रोज ओढत होत्या. ड्रायव्हर मदतीला सरसावला तशी त्यांनी एका नजरेत त्याला मागे सारलं. अर्ध्यावर शटर अडलं. काकूंनी सगळं अंग त्यावर टाकलं आणि ते खाली आलं.

तिघं पायरीखाली उभी होती, जायचं की थांबायचं हे न कळून. काकूंनी कुलपाची किल्ली कमरेला खोचली आणि लेकीला फोन लावला.

"यायचं थांबलं गं," त्या म्हणाल्या.

"कोण? गिऱ्हाईक? कधीपासून?"

काकूंनी तिघांकडे पाहिलं. पिशवी छातीशी धरली.

"बरेच दिवस झाले," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाने मला कळू दिलं नाही."