अठराव्या मिनिटाला बंद पडणारी गाडी

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम ती सोळा वर्षं करत होती. घरात तिला सगळे चिमी म्हणत. चाळिशी दारात येऊन उभी राहिली तरी उंचीने त्या नावाला कधी दगा दिला नव्हता. म्हणून तिने जुनी सुपरमोटो मोटारसायकल विकत घेतली तेव्हा बाबा बराच वेळ गाडीकडे आणि मग तिच्या पायांकडे बघत राहिले. मातीत उड्या मारणाऱ्या गाडीचं उंच, काटकुळं अंग आणि त्याला डांबरी रस्त्याची रुंद, गुळगुळीत चाकं. सीटवर बसली की चिमीच्या पायांची तेवढी बोटं जमिनीला लागायची.

"यावर चढायला स्टूल लागेल," बाबा म्हणाले.

"फुटपाथ आहे की," चिमी म्हणाली.

गाडी तिने एका चित्रकलेच्या मास्तरांकडून घेतली होती. सहा वर्षं जिवापाड जपलेली गाडी. किल्ली देताना त्यांनी तीन वेळा हात पुढे केला आणि तीन वेळा मागे घेतला. "काही त्रास नाही ना हिला?" असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "गाडीचा काही दोष नाही." उत्तर जरा वाकड्या वाटेने आलं होतं, पण चिमीच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

पहिल्याच रविवारी टेकडीच्या चढावर गाडी अडखळली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. चिमीने तिला ढकलत कडेला घेतलं, टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं, किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. घर येईपर्यंत ती आणखी एकदा बंद पडली. पुन्हा झाकण, पुन्हा पेट्रोल, पुन्हा पहिल्या किकला सुरू.

बाबांनी उभा जन्म शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात घालवला होता. इंजिनातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण मशीन म्हटलं की त्यांना गप्प बसवत नसे. "गरम झाली की रुसते," त्यांनी निदान केलं. "निवली की चालते. सरळ आहे."

सरळ काहीच नव्हतं. थंड सकाळीही ती तशीच बंद पडली.

मग चिमी गॅरेजवाल्याकडे गेली. त्याला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण एकदा बोलायला लागला की त्याला बंद करायला काही उपाय नसे. त्याने गाडी स्टँडला लावून तासभर सुरू ठेवली. गाडी शहाण्यासारखी एका सुरात घुरघुरत राहिली. चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, इथे तर ही गाय आहे," सायलेन्सर म्हणाला. त्याने प्लग काढून तिच्या नाकासमोर धरला. "पण हा बघा, पांढराफटक. पेट्रोल कमी पोचतंय, हवा जास्त. जेट मोठा टाकू."

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळेचा इवलासा तुकडा. त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. भोक मोठं, तर पेट्रोल जास्त. चिमीला ते पटलं. रोज काचेची जाडी मोजणाऱ्या बाईला असल्या बारीक गोष्टी पटतातच. मोठा जेट बसला, आणि गाडी काळा धूर ओकायला लागली. सकाळी सुरू होताना दहा-दहा किका मागू लागली. आणि मधेच बंद पडायची ती पडतच राहिली. आधी एक दुखणं होतं, आता दोन झाली, आणि कुठलं कशाचं ते सांगणं मुश्कील.

तिने दुकानातल्या वहीत वेळा लिहायला घेतल्या. अठरा मिनिटं, बावीस, एकवीस. मग टाकी गळ्यापर्यंत भरली, त्या दिवशी नऊ. टाकी अर्धी असताना तेवीस. म्हणजे पेट्रोल जितकं जास्त, तितकी गाडी लवकर बंद. चिमीने ते चार वेळा वाचलं. भरल्या पोटी उपाशी राहणारी गाडी तिने कधी ऐकली नव्हती. त्या दुपारी तिने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली आणि मालकाची बोलणी खाल्ली.

शेवटी तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: मास्तरांकडेच कुठेतरी पाणी मुरतंय. शनिवारी ती त्यांच्या घरी धडकली. काय काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं.

"तुमची गाडी वीस मिनिटांत बंद पडते," दार उघडताच ती म्हणाली.

मास्तरांचा चेहरा पडायला हवा होता. तो खुलला. "तुमच्याकडेही पडते?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, तुमच्या हातूनही?"

घोकलेलं सगळं चिमीच्या तोंडातच राहिलं. मास्तरांनी तिला आत बसवलं. खोलीभर अर्धवट चित्रं भिंतीला टेकून उभी होती. दीड वर्षापूर्वी त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. ते बरं झाल्यावर गाडी काढली, तर ती अशी मधेच बंद पडू लागली. "मला वाटलं, हातात नेमकेपणा राहिला नाही. मूठ नीट पिळली जात नाही माझ्याकडून. ब्रशही थरथरतो कधीकधी. हिला म्हटलं, गाडीचा दोष नाही, माझाच आहे." हिला म्हणजे बायकोला. ती चहाचे कप ठेवून खिडकीशी उभी होती.

"बंद पडल्यावर तुम्ही काय करायचात?" चिमीने विचारलं.

"हेल्मेट काढायचो, झाकण उघडून पेट्रोल बघायचो. उघडताना गाडी फुस्स करून उसासा टाकायची. मला वाटायचं, हीसुद्धा मला कंटाळली." मग ते जरा हसले. "झाकणावरची निळी नळी आहे ना अजून? ती मीच बसवली. मनगट प्लास्टरमध्ये होतं तेव्हा, बसल्या बसल्या. जुनी काळी होती, रंग खुलत नव्हता."

चिमीने तो उसासा कधी ऐकला नव्हता. तिचं हेल्मेट कधी डोक्यावरून उतरलंच नव्हतं. चहा अर्धा टाकून ती उठली.

रस्त्यात गाडी बंद पडताच तिने हेल्मेट काढलं आणि झाकणाला कान लावून ते फिरवलं. फुस्स. हवा आत ओढली गेली. पेट्रोल खाली जातं तेव्हा त्याच्या जागी हवा यायला हवी, आणि हवेची वाट, म्हणजे झाकणावरची ती नळी, बंद होती. टाकी भरलेली असली की आत मोकळी जागा कमी, म्हणून गळा लवकर आवळला जाई. उभ्या गाडीला पेट्रोल कमी लागतं, म्हणून गॅरेजात तो आवळलाच नव्हता. झाकण सैल ठेवून ती पन्नास मिनिटं गावभर फिरली. गाडी एकदाही अडखळली नाही.

घरी बाबांनी भिंगातून निळी नळी पाहिली. तिच्या मधोमध बोराएवढी झडप होती, गाडी आडवी झाली तर पेट्रोल सांडू नये म्हणून. हवा एकाच बाजूने जाऊ देणारी. झडपेवर बारीक बाण होता. तो उलटा होता.

"उलटी बसवलीय," बाबा म्हणाले. "मिनिटाचं काम."

चिमीने नळी सुलटी केली, जुना जेट परत घातला. मग तिने गाडी सुरू ठेवून कार्बोरेटरचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवला, आणि आवाज हळूहळू गोल झाला. खूश व्हायला हवं होतं. ती पायरीवर बसून राहिली. गाडीत बिघाड होता, मास्तरांच्या मनगटात नव्हता. हे त्यांना सांगायला हवं. पण तो बिघाड त्यांच्याच हातांनी केलेला, हेही सांगावं लागणार. अर्धं सांगता येईल का, हे तिला ठरवता येईना.

तिने फोन केला आणि सगळंच सांगितलं.

"उलटी," मास्तर म्हणाले.

"हो."

"म्हणजे हात ठीक होता."

"हो. म्हणजे, मूठ पिळायला ठीक होता."

त्यावर त्यांनी फोन ठेवला. रागाने की कसा, ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ते दारात उभे होते. "इकडे सहज आलो होतो," ते म्हणाले. काखेत हेल्मेट होतं. चिमीने काही न विचारता किल्ली पुढे केली.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. बाबा दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. "परत येईल ना हा माणूस?" त्यांनी विचारलं. पस्तिसाव्या मिनिटाला कोपऱ्यावरून आवाज आला, गोल आणि सलग. मास्तर उतरले, किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि हेल्मेटच्या काचेआडून म्हणाले, "सकाळी चोक अर्धाच ओढत जा. पूर्ण ओढलात तर गुदमरते." मग हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून बसथांब्याच्या दिशेने चालू लागले.

"गाडी परत मागितली का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग आनंदात होते की काय?"

"चेहरा कुठे दिसला?" चिमी म्हणाली.

ती फुटपाथवर चढली, तिथून सीटवर बसली. निघावं, की गाडीचा आवाज त्यांच्या कानी पडू नये म्हणून ते बसमध्ये चढेपर्यंत थांबावं, हे तिला कळेना. बस आली आणि गेली, तरी ती किक न मारता तशीच बसून होती.