धुतलेले स्क्रू

मोठ्या साहेबांनी लेपवालीच्या पुढ्यात अहवाल सरकवला आणि पेनाचं टोपणसुद्धा स्वतःच काढून दिलं. एवढा आदर त्यांनी चार वर्षांत कधी दाखवला नव्हता.

"औषधाचा लेप दिलेले स्क्रू आणि साधे स्क्रू, दोन्ही सारखेच ढिले झाले. म्हणजे लेपाचा उपयोग नाही. प्रकल्प बंद," साहेब म्हणाले. "खाली सही करा, बाई."

प्रयोगशाळेत तिला सगळे लेपवालीच म्हणायचे. टायटॅनियमचा स्क्रू औषधाच्या द्रावणात बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. असे बारा हात द्यायचे. म्हातारपणी पोकळ झालेल्या हाडात साधा स्क्रू भुसभुशीत भिंतीतल्या खिळ्यासारखा डुगडुगतो. हे औषध हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालतं, मग हाड स्क्रूला घट्ट धरून भरत जातं. सशांच्या हाडातून तिचे स्क्रू उपटायला दीडपट जोर लागला होता. आणि माणसांत अकरापैकी आठ ढिले?

त्या आठांत तिची आत्या होती. नको नको म्हणणाऱ्या आत्याला, खुब्यात हेच स्क्रू घालून घे, म्हणून तिनंच गळ घातली होती. आता आत्या खाटेवर पडल्या पडल्या उलट तिचीच समजूत काढायची, "जाऊ दे गं, तुझं औषध चांगलंच असेल. माझं हाडच करंटं." ते ऐकलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"उद्या करते सही," म्हणून तिनं तडक रुग्णालय गाठलं. शस्त्रक्रियेच्या खोलीमागे अवजारं धुण्याची खोली होती. तिथं तीस वर्षं काम केलेल्या मावशी कोपरापर्यंत हातमोजे चढवून चिमटे घासत होत्या. आमचे लेपाचे स्क्रू इथं आल्यावर त्यांचं काय होतं, असं तिनं विचारलं.

"ते पाकिटातले स्क्रू होय?" मावशी म्हणाल्या. "पाकिटं फोडते आणि लांबीप्रमाणे रॅकमध्ये लावते. डॉक्टरांना रॅकमधूनच उचलायची सवय."

"आणि मग?"

"मग काय! या खोलीतून साधी सुई धुतल्याशिवाय जात नाही. गरम पाणी, साबण, मग मळ झटकणारी ती गुणगुणणारी टाकी, मग वाफ." मावशींनी मान ताठ केली. "तुमच्या स्क्रूंवर कसलासा दुधट थर असायचा बघा. तुमच्याकडे कुणी पुसत नाही का? मी ब्रशनं घासघासून काढायची. दोन-दोनदा."

लेपवालीनं मोरीत डोकावून पाहिलं. बारा हात, चार वर्षं, सगळं या मोरीतून वाहून गेलं होतं. मावशींवर डाफरावं असं एकदा मनात आलं, पण तिनं ते गिळलं.

"धुऊ नये असा कागद आला नव्हता?"

"आला असता तर वाचला नसता का मी? पहिल्या दिवशी तुमचे साहेब आले होते की. डॉक्टरांबरोबर फोटो काढले. इकडे कोण डोकावतंय!"

कागद तिनं स्वतः लिहिला होता, लाल अक्षरांत. 'पाकीट शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळच फोडावे. धुऊ नये.' साहेबांच्या हातात दिला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती प्रयोगशाळेत परतली, तेव्हा साहेबांनी तिचं सगळं शांतपणे ऐकलं. ड्रॉवर उघडून त्यांनी तोच कागद काढला, घडीही न मोडलेला.

"इतक्या अटी बघून डॉक्टर बिचकले असते. म्हटलं, सावकाश सांगू. राहून गेलं," ते म्हणाले, आणि एकदम खुलले. "पण अहो, ही तर चांगलीच बातमी! लिहा, धुणाऱ्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. प्रकल्प वाचला, तुमचं नावही राहिलं."

"निष्काळजीपणा?" तिचा आवाज पार दारापर्यंत गेला. "या सगळ्या कारभारात काळजी घेतली ती एकट्या त्या बाईंनी! साबण लावून घेतली! आणि खापर त्यांच्यावर फोडता?"

"हळू बोला."

"आठ माणसं अंथरुणाला खिळलीत, साहेब. तुमचं राहून गेलं म्हणून."

तिनं अहवाल ओढून घेतला, शेवटचा परिच्छेद खोडला आणि वर पेनानं लिहिलं: 'लेप वापरण्यापूर्वीच धुतला गेला. न धुण्याची सूचना प्रयोगशाळेने रुग्णालयाला दिलीच नव्हती.' खाली ठसठशीत सही केली.

"हे मी पुढे पाठवणार नाही," साहेब म्हणाले.

"नका पाठवू. मी अकराही रुग्णांच्या घरी नेऊन देते."

पहिली प्रत आत्याची. तिनं खाटेशी बसून ती वाचून दाखवली. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या हाडात तुझं औषध गेलंच नाही?"

"नाही, आत्या."

"आणि चार महिने मी माझ्याच हाडाला बोल लावतेय!" आत्याचा आवाज चढला. "त्या साहेबाला इथं आण. खुर्ची देऊ नकोस. इथं उभा राहून त्यानं हे मला मोठ्यानं वाचून दाखवावं."

"नाही आला तर?"

"तर मला ने तिकडे," आत्या म्हणाली. "खाटेसकट."