खिडकीची सीट

झाकण उघडून सुलेखाने डबा टेबलावरून पुढे सरकवला. नव्या औषधाच्या ट्रायलचं काम बघणाऱ्या यामिनीने तो तितक्याच हलक्या हाताने मागे सरकवला.

"नाही घेता येत गं. पेशंटकडून काहीच नाही."

"यामिनीताई, रव्याचे लाडू आहेत. लाच नाही."

"ते तुला नि मला कळतं. आमच्या नियम तपासणाऱ्या कम्प्लायन्सवाल्यांना लाडू कळत नाहीत."

सुलेखा हसली. मग पर्समधून एक पांढरं कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं. ट्रायलने प्रवासखर्चाचे पैसे भरून मार्चमध्ये दिलेलं, एकदाही न वापरलेलं.

"मग हेही परत घ्या. आज शेवटचं येणं. प्लेनोहून ह्यूस्टनला चार-चार तास ड्राइव्ह करण्यात नवऱ्याची सगळी रजा संपली. आता नाही जमत."

मांडीवरची सई डब्याकडे बघत होती. चार वर्षांची. स्नायूंत जोरच नव्हता. हात जिथे ठेवावेत तिथे राहायचे. घास आईच भरवायची.

"विमानाचं तिकीट यातूनच काढायचं होतं. का नाही वापरलंस?"

सुलेखाने लेकीच्या फ्रॉकची बाही सारखी केली.

"पैसे घेतले की मिंधं व्हायला होतं. उद्या हिला त्रास झाला, तर 'नको' कुठल्या तोंडाने म्हणू?"

"अगं, म्हणूनच तर एवढे नियम! औषध लागू पडो न पडो, खर्च तेवढाच मिळतो. मधेच सोडलंस तरी कुणी परत मागत नाही. हिच्यावर हक्क सांगायला थोडेच..."

यामिनीचं लक्ष सईकडे गेलं.

सईच्या हातात लाडू होता. हात थरथरत वर निघाला, छातीशी अडला, पुन्हा निघाला. सुलेखाचा हात सवयीने पुढे झाला आणि हवेतच राहिला. सईने मान जराही खाली केली नाही. लाडू तोंडापर्यंत गेला.

"सई," यामिनी पुढे झुकली, "पुन्हा एकदा दाखवशील मला?"

"आय ऑलरेडी एट इट!" तोंडभर रवा घेऊन सई म्हणाली.

सुलेखाने डबा लेकीच्या पुढ्यात ओढला. डोळे तिच्यावरच ठेवून दुसऱ्या हाताने टेबल चाचपलं. कार्ड हाताला लागलं, तशी मूठ मिटली.

"यामिनीताई, खिडकीची सीट बसते का तुमच्या नियमात?"