अर्ध्या फेऱ्याची साक्ष

मित्रांनो, मी शेवया पाडायची एक जुनी, बिडाची मशीन. जुने असणे ही काही मिरवायची गोष्ट नव्हे, असे मलाही वाटायचे. पण एकदा चंदीगडच्या हायकोर्टात माझ्या जुनेपणावरच एका माणसाचा कारखाना राहणार की जाणार हे ठरायचे होते. त्याची ही हकीकत.

चंदीगडला लागून मनीमाजरा आहे. तिथे करतारसिंग नावाच्या कारागिराने मला ओतले, घासले आणि बाजेच्या कडेवर घट्ट बसवून पाहिले. अशी मांड ठोकून बसते म्हणून तिकडच्या बायका मला ‘घोडी’ म्हणतात. तेव्हाच्या मशीनना तोंडाशी भोकांची चकती असे, ती आट्यांनी बसवावी लागे. आट्यांत कणीक अडके, वाळे, आणि मग चकती निघता निघत नसे. करतारसिंगांनी आटेच काढून टाकले. चकतीला दोन कान ठेवले आणि माझ्या गळ्यात, आतल्या बाजूला, दोन खाचा ठेवल्या. चकती घालायची, अर्धा फेरा द्यायचा, बसली. उलटा अर्धा फेरा, निघाली. एवढीच युक्ती. तिच्यावर स्वतःचे नाव घालावे असे त्यांच्या मनातही आले नाही.

मी त्यांच्या घरवालीची, बीजींची झाले. पण एका घरची कधी राहिलेच नाही. उन्हाळा लागला की आज या दारी, उद्या त्या दारी. बदलीवर आलेल्या मराठी बायकाही मला सायकलच्या कॅरियरला बांधून आपल्या सेक्टरात नेत. बाजांवर वाळणाऱ्या शेवया, आणि ‘आता माझी पाळी’ म्हणत माझ्या दांड्यासाठी भांडणारी मुले. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे करतारसिंग गेले. त्यांचा मुलगा तेजासिंग माझ्यासारख्याच मशीन बनवू लागला. आणि एक दिवस कोर्टाचा कागद आला. एका मोठ्या कंपनीने या अर्ध्या फेऱ्याच्या कुलपाचे पेटंट घेतले होते. पेटंट म्हणजे नवी युक्ती शोधणाऱ्याला सरकारने काही वर्षांपुरता दिलेला हक्क. तोवर ती दुसऱ्या कुणी बनवायची नाही. तेजासिंगने आमची युक्ती चोरली, त्याचे काम बंद करा, असे कंपनीचे म्हणणे. बापाची युक्ती मुलाने चोरली म्हणे!

तेजासिंग गेला वकील पद्मजाबाईंकडे. नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीमुळे त्या अमरावतीहून इकडे आलेल्या. आधी विज्ञान शिकल्या, मग कायदा. पेटंटचे खटले तिकडे क्वचितच येत, आणि आले की बाररूममधले वकील हसून म्हणत, “लो मॅडम, आपका कबाड़ आ गया!”

पद्मजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तेजासिंगजी, जो तरीका पहले से चारचौघांत चालू था, वो नया नहीं. पेटंट ही रद्द हो सकता है. बापूजींच्या हातची एखादी मशीन उरलीय?”

“एक ही है जी. बीजी की घोड़ी.”

“घेऊन या. जशी आहे तशी.”

हे ‘जशी आहे तशी’ मराठीत राहून गेले, आणि तेजासिंगला ते कळलेच नाही. रविवारी दुपारी तेजासिंगने मला आणले आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवले. मी हिरवीगार होते. तेलरंगाचे दोन हात.

पद्मजाबाई मट्‌कन खुर्चीत बसल्या. “हे काय केलंत?”

“कोर्ट जाना है बीबीजी,” तो कौतुकाने म्हणाला, “बुढ़िया को मैली-कुचैली कैसे ले जाता?”

“अहो, मैली होती म्हणून तर हवी होती!”

त्याचा चेहरा पडला. “तो अभी घिस देता हूँ. पॉलिश पेपर है मेरे पास…”

“नको! खबरदार, हात लावू नका!” त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की त्यांची छोटी चित्रा बाहुली टाकून धावत आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, “आई, यह नई है?”

तोच तर प्रश्न होता.

पद्मजाबाईंचे यजमान विश्रामराव म्हणाले, “रंगाचं बोलूच नकोस ना. कोण विचारणार आहे?”

“ते विचारतीलच,” बाई म्हणाल्या, “आणि त्यांनी आधी विचारलं, तर आपण लपवलं असं होईल. मग खरं सांगूनही उपयोग नाही.”

मग त्यांनी पेटंटमधले, युक्ती नेमकी काय ते सांगणारे कंपनीचे लांबलचक वाक्य तोडले. एकेक तुकडा कागदाच्या पट्टीवर लिहून माझ्या त्या त्या भागाशेजारी ठेवला: चकती, कान, खाच, अर्धा फेरा. मांडीवर चित्रा, हातात टॉर्च. टॉर्च माझ्या गळ्यात गेला आणि तिथेच थांबला. आत रंग नव्हता.

हायकोर्टात उभ्या राहिल्यावर बाईंचे पहिलेच वाक्य होते, “माय लॉर्ड, ही मशीन माझ्या पक्षकाराने गेल्या आठवड्यात रंगवली आहे.” मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसले. कंपनीचे वकील ताडकन उठले. “रंग नवा, तर खाचाही नव्याच पाडल्या नाहीत कशावरून?”

साक्षीच्या पिंजऱ्यात तेजासिंगला बाईंनी विचारले, रंग आत का लावला नाही?

तो गोंधळला. इतकी साधी गोष्ट विचारतात? “जनाब, अंदर से तो खाना निकलता है. वहाँ रंग कैसे लगाता? बच्चे खाते हैं.”

न्यायमूर्तींनी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांना मला तपासायला सांगितले. त्यांनी चकती काढली, भिंग लावले. खाचेच्या तळाशी ओतकामाची खरखरीत साल तशीच होती. मागाहून पाडलेल्या खाचेत ती नसते. खाचेचा एक काठ मात्र झिजून गुळगुळीत झाला होता, कारण अर्धा फेरा देताना प्रत्येक हाताचा जोर त्याच बाजूला पडे. त्या पॉलिश पेपरने हे सारे एका दुपारी गेले असते.

शेवटी, मला सायकलवरून आपल्या सेक्टरात नेणाऱ्या मराठी बायकांपैकी विनयाताई साक्षीला आल्या. कंपनीचे वकील म्हणाले, “इतक्या वर्षांपूर्वीचं साल बरं लक्षात राहिलं तुमच्या!”

“राहणार नाही तर काय? सदुसष्टचा मे. मला नववा लागलेला, आणि सासूबाई म्हणाल्या, तू फक्त चकती बदल, दांडा मी फिरवते.”

न्यायमूर्तीही हसले. कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला होता बहात्तर साली. पेटंट रद्द झाले. तेजासिंगचे काम वाचले.

पण माझे थांबले. कंपनीने अपील केले, आणि मी पुरावा म्हणून गळ्यात चिठ्ठी बांधून कोर्टाच्या कोठीत पडले. कोळ्यांनी जाळी केली. बाहेर किती उन्हाळे आले नि गेले. वर्षानुवर्षे वापर झाल्याचे ज्या मशीनने सिद्ध केले, तिला आता कुणी हातही लावत नव्हते. अपील फेटाळले गेले तेव्हा ऐंशी साल उलटून गेले होते. पद्मजाबाई स्वतः मला न्यायला आल्या. दुसऱ्या बाजूने धरायला उंच झालेली चित्रा होती.

मनीमाजऱ्यात बीजींनी मला गरम पाण्याने धुतले, तेल दिले. मग माझ्या गळ्यात बोट घालून ती झिजलेली खाच कितीतरी वेळ चाचपली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. धुवा, तेल द्या, गंज चढू देऊ नका. पण जपायचे म्हणून कोंडून ठेवू नका, आणि सजवायचे म्हणून आमची झीज घासून टाकू नका. करतारसिंगांचे नाव कुठल्याच सरकारी कागदावर नव्हते. त्यांचा हात होता, तो माझ्या गळ्यात होता, आणि त्यावरून फिरलेले कितीतरी बायकांचे हातही तिथेच होते. एखादी वस्तू नवी करायला घ्याल, तेव्हा आधी आत बोट घालून बघा, तिथे कोण आहे ते.